उलट्या हाताचा वादक

मित्रांनो, धुळ्यातल्या या खोलीत चटईवर बसून तुम्ही व्हायोलिनच्या तारा जुळवत असता, तेव्हा समोरच्या भिंतीवरून तुमच्याकडे बघणारा कुरळ्या केसांचा तरुण म्हणजे मी. मी एक जुनं इटालियन तैलचित्र आहे. तुम्हाला शिकवणाऱ्या लाडकुंवरबाईंचा मी परदेशी गुरू आहे, असं तुमच्यातले काहीजण समजतात. एका मुलीने तर मला कुणी देव समजून नमस्कार केला होता. मी यातलं काहीच नाही. पण माझी हकीकत तुमच्या बाईंच्या हकीकतीत इतकी मिसळून गेली आहे, की एक सांगायला घेतली की दुसरी सांगावीच लागते.

माझा जन्म इटलीतल्या एका लहान गावातला, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा. माझं कापड जवसाच्या रोपाच्या धाग्याचं आहे आणि माझे रंग जवसाच्याच तेलात घोटलेले आहेत. त्यामुळे पुढे खानदेशात येऊन इथली माणसं भाकरीबरोबर जवसाची चटणी खाताना पाहिली, तेव्हा मला फारसं परकं वाटलं नाही. चित्रातला तरुण अठरा-एकोणीस वर्षांचा आहे. तपकिरी मखमली कोट, पांढरी कॉलर, हनुवटीखाली व्हायोलिन. चेहरा देखणा आहे, हे मीच सांगितलेलं बरं, कारण आता वरच्या रोगणाला पिवळेपणा आल्याने ते चटकन दिसत नाही. एक गोष्ट मात्र कुणाच्याही नजरेतून सुटत नाही. मी गज डाव्या हातात धरला आहे आणि तारांवर बोटं उजव्या हाताची आहेत. सगळं जग धरतं त्याच्या बरोब्बर उलट. असं का, ते त्याच्या जागी सांगेन.

इटलीहून जहाजाने मी मुंबईत आलो आणि एका परदेशी व्यापाऱ्याच्या बंगल्यात बरीच वर्षं राहिलो. पुढे त्या घरची माणसं मायदेशी निघाली आणि सामान विकायला काढलं गेलं. येणारे-जाणारे माझ्यापुढे थांबत, कौतुक करत, मग हातांकडे बघून हसत. चितारी चुकला, असं म्हणून पुढे जात. त्याच सुमारास जळगावचे कापडाचे व्यापारी हीरालाल तिथे आले. त्यांना दुकानासाठी मोठा आरसा हवा होता. बायकांना साडी अंगावर धरून बघता यावी म्हणून. आरसा त्यांनी पसंत केला आणि वाटेत काच फुटू नये म्हणून विकणाऱ्याने काचेवर गोणपाट टाकून मला आडवं बांधून दिलं. असा मी १९६२च्या आसपास रेल्वेच्या डब्यातून जळगावला पोचलो, तो आरशाचं झाकण म्हणून. आरसा दुकानात लागला. मी घरी आलो.

हीरालालजींच्या पत्नी सुगनबाई फार टापटिपीच्या. त्यांनी मला जिन्याखाली उभं केलं आणि काही दिवसांत भंगारवाल्याला द्यायचं ठरवलं. मी वाचलो तो त्यांच्या मुलीमुळे. लाडकुंवर तेव्हा शाळेत जाणारी, दोन वेण्या घालणारी मुलगी होती. ती जिन्याखाली माझ्यासमोर उकिडवी बसायची आणि हातात पट्टी धरून माझ्यासारखी मान वाकडी करायची. शेवटी तिने बाबूजींना सांगितलं की हे चित्र बैठकीत लावा, आणि या मुलाच्या हातात आहे ते मलाही शिकायचं आहे. पहिली मागणी हीरालालजींनी हसून मान्य केली. दुसरीला त्यांनी वर्ष लावलं. मुलीने भजनं म्हणावीत, पेटी शिकावी इथपर्यंत ठीक होतं. फिडल शिकल्याचं त्यांच्या नात्यागोत्यात कुणी ऐकलं नव्हतं. पण लाडकुंवरने हट्ट सोडला नाही. ती रडायची नाही की रुसायची नाही. रोज जेवणाच्या वेळी तोच प्रश्न, तितक्याच शांतपणे विचारायची. शेवटी हीरालालजी थकले.

मग लीलाधर मास्तर आमच्या घरी येऊ लागले. मास्तर एकेकाळी नाटक कंपनीत साथीला बसायचे. कंपनी बुडाल्यावर ते जळगावात शिकवण्या करू लागले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नीट निरखलं आणि लाडकुंवरला बजावलं की याच्याकडे बघून शिकू नकोस, हा उलटा धरतो. त्यांनी तिला आपल्या पद्धतीप्रमाणे मांडी घालून बसवलं, व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवलं, गज उजव्या हातात दिला. मला राग आला नाही. उलट मी खूश होतो. इतक्या वर्षांनी मी होतो त्या खोलीत व्हायोलिन वाजणार होतं.

सुरुवातीचे महिने कानांना त्रासाचे गेले, खोटं कशाला सांगू? पण मुलगी जिद्दीची होती. तिच्या डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले, आणि ज्या दिवशी ते पडले त्या दिवशी तिने ते आईला दागिन्यासारखे दाखवले. मॅट्रिक होईपर्यंत ती इतकी छान वाजवू लागली की दुपारी गल्लीतून जाणारे लोक खिडकीखाली रेंगाळत. गणेशोत्सवात तिने चौकातल्या मांडवात वाजवलं. हीरालालजी दुकानातल्या गिऱ्हाइकांना ते पुनःपुन्हा सांगत. आलेल्या पाहुण्यांना बैठकीत नेऊन म्हणत की माझ्या मुलीने हे या चित्रावरून घेतलं. माझ्या आयुष्यातले ते मानाचे दिवस होते. सुगनबाई दर शनिवारी माझ्या चौकटीवरची धूळ स्वतः झटकत.

मग तो उन्हाळा आला.

जळगावच्या उन्हाळ्यात घराघरांतून पापड, कुरडया, शेवया यांची धांदल असते. शेजारच्या कमलबाईंचं शेवयांचं यंत्र त्या दिवशी आमच्याकडे आलं होतं. ते मागच्या ओसरीवर बाजेच्या कडेला पक्कं बसवलं होतं. मी बैठकीत होतो, त्यामुळे मला दिसलं काहीच नाही, ऐकू तेवढं आलं. यंत्राचा कुरकुर आवाज, बायकांच्या गप्पा, कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट. मग लाडकुंवरची एकच किंकाळी. यंत्राचा आवाज थांबला आणि त्यानंतर सुगनबाईंच्या तोंडून निघालेला आवाज मला ओळखताच आला नाही.

पिठाचा गोळा यंत्रात दाबताना लाडकुंवरचा डावा हात आत ओढला गेला होता. डॉक्टरांना तर्जनीचं आणि मधल्या बोटाचं वरचं पेर काढावं लागलं.

ती घरी आली तेव्हा हाताला पांढरं बँडेज होतं. लीलाधर मास्तर भेटायला आले, बसले, चहा न घेताच गेले. तारांवर नाचायची ती बोटं आता अर्धी होती.

सुगनबाईंनी त्यानंतर माझ्याकडे बघणं सोडलं. धूळ झटकणंही सोडलं. बैठकीतून जाताना त्या भिंतीच्या बाजूने पदर ओढून घेत. एके दिवशी त्यांनी दुकानाच्या गोदामात काम करणाऱ्या पुनाला बोलावलं आणि मला आणि व्हायोलिनला दोघांनाही तिथे नेऊन ठेवायला सांगितलं. घरात उलट्या हाताचं चित्र लावलं आणि घरच्या मुलीचा हात गेला, असं त्या हीरालालजींना म्हणाल्या. पण मला गाडीवर चढवण्याआधी सुगनबाईंनी आतून आपली जुनी मऊ साडी आणली आणि माझ्याभोवती नीट गुंडाळली. ज्या वस्तूचा तिटकारा आला तिला कुणी असं गुंडाळतं का? तेव्हा मला कळलं की या बाईंचा राग माझ्यावर नाही. तो नेमका कुणावर आहे, ते मात्र मला कळलं नव्हतं.

गोदामात कापडाच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या होत्या. मला त्यांच्या मागे भिंतीला टेकवलं. पावसाळ्यात भिंत पाझरली आणि माझा खालचा एक कोपरा काळा पडला. एक गाठ सरकून तिचा लोखंडी पट्टा माझ्या खांद्यात घुसला. ते भोक अजून आहे. इतकी वर्षं जगभर फिरून जे झालं नव्हतं, ते त्या एका पावसाळ्यात झालं. तरी खरं सांगतो, मी संपलो असं मला वाटलं नाही. तैलचित्रं चिवट असतात.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी गोदामाचं दार उघडलं. दुकान जेवणासाठी बंद होतं. पुना पुढे आणि त्याच्या मागे लाडकुंवर.

पुना त्याच्या अहिराणीत म्हणाला, "ताई, आठे बठ्ठी धूळ शे. तुम्हीन बाहेर थांबा, मी काढी देस."

ती थांबली नाही. दोघांनी मिळून गाठी सरकवल्या. तिने साडी सोडली आणि मला उजेडाकडे वळवलं. आम्ही एकमेकांना बघितलं. ती वाळली होती, पण डोळे तेच होते, जेवणाच्या वेळी शांतपणे एकच प्रश्न विचारणारे. खूप वेळ ती फक्त माझ्या हातांकडे बघत राहिली. मग तिने व्हायोलिन पेटीतून काढलं आणि ते माझ्यासारखं धरलं. व्हायोलिन उजव्या बाजूला, गज डाव्या हातात. गज धरायला अंगठा, शेवटची दोन बोटं आणि अर्धी राहिलेली दोन बोटं पुरेशी होती. तारांवर उजव्या हाताची चार शाबूत बोटं होती.

"याला जमतं," ती पुनाला म्हणाली, "म्हणजे जमतं."

मित्रांनो, आता ते उलट्या हाताचं सांगतो. ज्याने मला रंगवलं तो चित्रकला शिकणारा गरीब मुलगा होता आणि संध्याकाळी व्हायोलिन वाजवायचा. समोर बसायला दुसरं कुणी मिळेना म्हणून त्याने आरशात बघून स्वतःलाच रंगवलं. आरशात डावं-उजवं बदलतं, तसं ते माझ्यातही बदललं. तो स्वतः चारचौघांसारखाच वाजवायचा. डाव्या हाताने गज फिरवणारा, माझ्यात दिसतो तसा वादक कधी नव्हताच. लाडकुंवर मात्र मला खरा समजून बसली होती. मला तेव्हा बोलता आलं असतं तरी मी तिला सांगितलं नसतं.

त्यानंतर ती रोज दुपारी गोदामात येऊ लागली. मला ती एका गाठीवर उभं करायची आणि समोर पोत्यावर बसायची. लीलाधर मास्तरांना तिने निरोप पाठवला. ते आले आणि आधी नाहीच म्हणाले. शिकलेला हात विसरून दुसरा हात नव्याने शिकवायचा म्हणजे चालत्या माणसाला पुन्हा रांगायला लावायचं, आणि शेवटी पदरात निराशा आली तर ती सोसेल का, असं त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली की निराशा आत्ताही आहेच, निदान ती वाजती असू दे. मास्तरांनी मग व्हायोलिन घेतलं, तारा उतरवल्या, उलट्या क्रमाने चढवल्या, तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात ती घोडी फिरवून बसवली. व्हायोलिनचं डोकं डाव्या पायाच्या घोट्यावर टेकवून त्यांनी तिला पहिला सा लावायला सांगितला.

तो सा कसा होता ते विचारू नका. गोदामातल्या उंदरांनीसुद्धा जागा बदलली असेल. उजव्या हाताची बोटं स्वयंपाकात, लिहिण्यात हुशार, पण तारेवर अडाणी. त्यांना नव्याने घट्टे पडायचे होते. डाव्या हातातला गज घसरायचा. तुटकी बोटं थंडीत ठणकायची. कधी कधी ती गज खाली ठेवून नुसती बसायची. मग माझ्याकडे बघायची आणि पुन्हा उचलायची. मला त्या काळात फार अभिमान वाटायचा. बंगल्यात लोक माझं कौतुक करत ते माझ्या रंगांचं. इथे गोण्यांच्या वासात, भोक पडलेल्या खांद्याने, मी कुणाच्या तरी उपयोगी पडत होतो.

हे सगळं सुगनबाईंपासून लपवलेलं होतं. मुलगी दुपारी दुकानात बाबूजींना मदत करते, अशी त्यांची समजूत होती. पण घर आणि दुकान यांच्यात एकच गल्ली. एका दुपारी त्या हीरालालजींचा विसरलेला चष्मा घेऊन आल्या आणि गोदामाजवळून जाताना थांबल्या. दार अर्धवट उघडं होतं. लाडकुंवरची पाठ दाराकडे होती, पण माझा चेहरा दाराकडे होता, म्हणून सुगनबाईंना बघितलं ते मीच. त्या उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. मुलगी आरोह चुकवत होती, थांबत होती, पुन्हा पहिल्यापासून धरत होती. सुगनबाई गज धरलेल्या त्या हाताकडे बघत होत्या. बोटं गेल्यापासून त्यांनी तो हात सरळ कधी बघितला नव्हता. मुलीच्या जखमेवर मलमसुद्धा त्या मान वळवून लावत. आता बघत राहिल्या. मग आल्या पावली परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः पुनाला घेऊन गोदामात आल्या आणि मला घरी घेऊन गेल्या. बैठकीत माझी जुनी खुंटी होती तिथेच मला लावलं. लाडकुंवर स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिने मला पाहिलं, आईला पाहिलं. सुगनबाई एवढंच म्हणाल्या की गोदामात उजेड कमी आहे, डोळे खराब होतील. त्या दिवसापासून रियाज घरात होऊ लागला.

अशी दोन-तीन वर्षं गेली आणि घरासमोर दुसरी काळजी उभी राहिली. लाडकुंवरचं लग्नाचं वय झालं होतं. यावलकडचं एक स्थळ येऊन गेलं होतं. तेव्हा सुगनबाईंनी मुलीला डावा हात पदराखाली ठेवायला सांगितलं होतं. चहाचा कप देताना पदर सरकला, हात दिसला, आणि पाहुण्यांनी निघताना कळवतो म्हणून सांगितलं. कळवलं कधीच नाही. आता धुळ्याहून सोहनलाल आणि सुंदरबाई हे जोडपं आपल्या मुलासाठी, सुभाषचंदसाठी, मुलगी बघायला येणार होतं. सुगनबाईंनी या वेळी लांब हातांचा ब्लाउज शिवून घेतला आणि चहा नेण्याचं काम कमलबाईंकडे दिलं. लाडकुंवर विरोध करत नव्हती, होही म्हणत नव्हती.

पाहुणे आले, सुभाषचंदही बरोबर होता. सुंदरबाई ठसठशीत, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांची नजर खोलीभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. हे चित्र उलटं कसं, असं त्यांनी विचारलं. हीरालालजी काहीतरी सांगणार होते, तेवढ्यात सुभाषचंद म्हणाला की तुमच्या घरी व्हायोलिन वाजवतात असं ऐकलं आहे, ऐकायला मिळेल का? सुगनबाईंचा चेहरा उतरला. व्हायोलिन वाजवायचं म्हणजे हात लपणार नव्हता. त्यांनी घाईघाईने सांगितलं की तिची प्रकृती बरी नाही, सवय राहिली नाही.

लाडकुंवर उठली आणि आत जाऊन व्हायोलिन घेऊन आली. माझ्याखाली सतरंजीवर बसली. ब्लाउजचा लांब हात तिने कोपरापर्यंत वर सरकवला आणि गज उचलला.

तिने एक साधं भजन वाजवलं. मी तिला पहिल्यापासून ऐकत आलो आहे, म्हणून सांगतो, मांडवात वाजवायची तेव्हाचा वेग आता तिच्या हातात नव्हता. पण सूर आधीपेक्षा भरीव होता. प्रत्येक स्वर तिने दोनदा कमावलेला होता. सुभाषचंद डोळे मिटून ऐकत होता. सोहनलाल आणि सुंदरबाई मात्र हाताकडे बघत होते.

भजन संपल्यावर सुंदरबाईंनी सरळच विचारलं, "बेटी, हात कशाने गेला?"

"शेवयांच्या यंत्रात सापडला."

"यंत्र कोण फिरवत होतं?"

लाडकुंवर खाली बघून गजाचे केस सैल करू लागली. मला वाटलं आता कमलबाई काहीतरी बोलून वेळ निभावून नेतील.

"मी फिरवत होते," सुगनबाई म्हणाल्या. "माझं लक्ष बोलण्यात होतं. तिने हात काढला की नाही ते मी बघितलं नाही."

इतक्या वर्षांत हे त्या पहिल्यांदा कुणासमोर बोलत होत्या. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, तरी कुणी कधी उच्चारलं नव्हतं. हीरालालजींनी मान खाली घातली. आणि मला त्या जुन्या साडीचा अर्थ तेव्हा कळला. बाईंनी मला गोदामात पाठवलं, कारण माझ्याकडे बघितलं की त्यांना यंत्राची मूठ स्वतःच्या हातात दिसायची.

लाडकुंवर उठून आईजवळ जाणार होती. पण तिच्याआधी सुंदरबाई उठल्या. त्या खुर्चीवरून खाली आल्या, सुगनबाईंच्या शेजारी सतरंजीवर बसल्या आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

"आमच्याकडे शेवया विकत आणतात, सुगनबाई," त्या म्हणाल्या. "तुम्ही निर्धास्त राहा."

आधी कुणाला समजलंच नाही. मग कमलबाई हसल्या, मग हीरालालजी, आणि शेवटी सुगनबाई पदराने डोळे पुसता पुसता हसल्या. सोहनलालजींनी विचारलं की लग्नानंतर मुलगी लोकांसमोर वाजवणार का? लाडकुंवर म्हणाली, हो. आवाज मोठा नव्हता, पण तिथे दुसऱ्या उत्तराला जागा ठेवलेली नव्हती. सोहनलालजी थोडे घुटमळले, बायकोकडे बघितलं आणि मग म्हणाले की धुळ्यात ऐकणारे लोक पुष्कळ आहेत.

अशा रीतीने मी धुळ्याला आलो. या वेळी कुणाचं झाकण म्हणून नाही, तर लाडकुंवरने स्वतःहून मागून घेतलेली वस्तू म्हणून. पाठवणीच्या दिवशी सुगनबाईंनी मला दोन गाद्यांच्या मधे ठेवून दिलं आणि गाडीवाल्याला वाटभर हळू चालव म्हणून दहा वेळा सांगितलं.

इथे आल्यावर माझ्यावर एकदा संकट आलं, तेही प्रेमापोटी. माझा काळा पडलेला कोपरा आणि खांद्यावरचं भोक सुभाषचंदला बघवेना. त्याने दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरला बोलावलं. पेंटर कसबी होता. त्याने सोड्याच्या पाण्यात फडकं बुडवलं, आधी मला स्वच्छ धुऊन काढतो म्हणाला, मग नवा रंग देऊन हातही सरळ करून देतो म्हणाला, म्हणजे कुणी हसणार नाही. लाडकुंवर बाहेर गेली होती. ओलं फडकं माझ्या गालापाशी आलं होतं. एवढ्यात बाहेरच्या खोलीतून सुंदरबाई आल्या आणि त्यांनी फडकं त्याच्या हातातून काढून घेतलं. त्या म्हणाल्या की या घरात त्या हातांना कुणी हात लावायचा नाही. पेंटरला त्यांनी सरबत दिलं आणि आपल्या दुकानाची पाटी रंगवायला लावली. पाटी सुरेख झाली, तुम्ही येता-जाता ती बघताच.

भोकाला पुढे मागच्या बाजूने तलम कापडाचं ठिगळ लागलं. कोपरा काळाच आहे. त्याच वर्षी लाडकुंवरबाईंनी धुळ्याच्या एका संगीत मंडळाच्या कार्यक्रमात वाजवलं. मला तिथे नेलं नव्हतं, त्यामुळे ते मी ऐकलेलं नाही. पण ते ऐकायला जळगावहून आलेले लीलाधर मास्तर परत आल्यावर याच खोलीत माझ्यासमोर उभे राहिले होते. तोवर ते बरेच वाकले होते. खूप वेळ माझ्याकडे बघून त्यांनी हात जोडले आणि चितारी चुकला नव्हता, असं स्वतःशीच म्हणाले. मास्तरांचं म्हणणं तसं बरोबर नव्हतं. पण मी ते मोठ्या आनंदाने ऐकून घेतलं.

आता तुम्ही इथे शिकायला येता. तुमच्यात एक मुलगी डावरी आहे आणि बाई तिला तारा उलट्या चढवून देतात. ते बघितलं की मला माझं वय जाणवत नाही.

म्हणून मित्रांनो, एक-दोन गोष्टी सांगतो, त्या ऐका. माझ्यावर ओलं फडकं फिरवू नका. कोरड्या मऊ कापडाने हलकी धूळ झटकली की मला पुरे. पश्चिमेची खिडकी दुपारी लावून घ्या, उन्हाने माझा रंग उडतो. वाजवून झालं की गजाचे केस सैल करा, गजावरून तारांवर पडलेली राळेची पूड पुसा, आणि व्हायोलिन पेटीतच ठेवा, चटईवर नको. तुमच्या घरी माझ्यासारखं काही जुनं, विचित्र, चुकलेलं पडलेलं असेल, तर ते ओलीत टाकू नका. आज ते कुणाच्या कामाचं नसेल. पण ज्याला त्याची गरज पडेल तो माणूस अजून आला नसेल, एवढाच त्याचा अर्थ.

आणि बोटं जपा. यंत्र फिरवणाऱ्याने दुसऱ्याच्या हाताकडे लक्ष ठेवावं. चुकून एखाद्याचं लक्ष दुसरीकडे गेलंच, तर त्याच्यापासून तोंड फिरवू नका, त्याच्याशेजारी जाऊन बसा.

माझं म्हणाल, तर मी अजून पुष्कळ वर्षं या भिंतीवर राहणार आहे. पाय आवरा, पाठ ताठ करा. बाई येताहेत. सा लावा.